बुधवारच्या शोला शेजारी कोण?

४ मार्च, सोमवार
मी संशयी नाही. पण लाँड्रीत इस्त्रीला आहे, कपडा हातात आला की खिसे तपासायचेच, ही कामाची सवय. ह्यांच्या पँटीत तिकिटं निघाली. चार. चारही एकाच सिनेमाची, बुधवार दुपारची. दर बुधवारी एकच तिकीट. म्हणजे दुसरं तिच्याकडे.
ह्यांना एका शब्दानं विचारायचं नाही.

४ मार्च, संध्याकाळ
विचारलं. म्हणाले, सिनेमा चांगला आहे. चार वेळा? लग्नाचा अल्बम चार वेळा नाही बघितला ह्यांनी.

५ मार्च
धाकट्या बहिणीला फोन. ती म्हणते, कुठल्या नावाजलेल्या रॉक बँडच्या गाण्यांवर रचलेला सिनेमा आहे, भाऊजींना त्या बँडचं वेड. मला सव्वीस वर्षांत पत्ता नाही, हिला बरं ठाऊक! म्हणे लग्नानंतर त्यांनी गाऊन दाखवलं होतं, तूच "पुरे" म्हणालीस. मला असलं काही आठवत नाही. हिच्यावरही लक्ष ठेवायला हवं.

६ मार्च, बुधवार
अर्धी रजा. स्कार्फ, गॉगल, शेवटची रांग. हे तिसऱ्या रांगेत, एकटे. ती उशिरा येणार असेल.
गाणं लागलं आणि पडद्यावर गाण्याचे शब्द आले. बुधवारच्या शोला सगळ्यांनी उठून सोबत गायचं असतं म्हणे. मला वाचता आले नाहीत, गॉगलमुळे. हे उठले. हात वर, मान मागे, गळा फाडून गायला लागले. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, घरी दिवसाला चार शब्द बोलतो.
बाई आली नाही. मला ओळखून पळाली असणार.

७ मार्च
सांगून टाकलं, मी आले होते. ह्यांचा चहा हातातच राहिला. "ऐकलंस?" म्हणाले. म्हटलं, ऐकलं, बेसूर होतं. आता पुढच्या बुधवारी मी शेजारी बसणार. कप विसळायला उठले. लाजले असतील.

१३ मार्च, बुधवार
शेजारी बसले. गाणं लागलं, अख्खं थिएटर उठलं. हे बसून. कोपरानं ढोसलं, गा की. "तू बघ," म्हणाले. सिनेमा संपेपर्यंत एक ओळही गायले नाहीत.
मध्यंतरात तिकीट फाडणारा म्हातारा वाकून म्हणाला, "साहेब, आज तब्येत बरी नाही का?"
ह्यांनी माझ्याकडे बोट केलं. "मंडळी आल्यात."
"अस्सं," म्हणाला आणि गेला.
बाई फिरकली नाही. मी असल्यावर कुणाची हिंमत आहे? निघताना पुढच्या बुधवारचीही दोन तिकिटं घेऊन टाकली.
हे म्हणाले, "धाकटीला घेऊन जा."