शेवटच्या प्रकरणाला चिमटा

४ सप्टेंबर

चि. खारूताईस,

मावशीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. तुझं खोकं पोचलं. तुझ्या दुकानात खपत नाहीत ती पुस्तकं मावशीच्या गळ्यात मारायला माझी हरकत नाही. पण ती का खपत नाहीत कोण जाणे, असं वर चिठ्ठीत लिहीत जाऊ नकोस.

आधी प्रेमकथा घेतली. नायिका पहिल्याच पानावर जिन्यावरून घसरते आणि नायक तिला झेलतो. पुढे ती बागेत धडपडते, लिफ्टपाशी धडपडते आणि एकदा तर चक्क बँकेत. हिला प्रियकर नको, हाडांचा डॉक्टर हवा. मग भुताची कादंबरी. ओसाड बंगल्यात नुसता खुट्ट आवाज झाला की प्रत्येक जण एकेकटा बघायला जातो, आणि दिव्याचं बटण काही कोणी दाबत नाही. मला त्या भुताचीच कीव आली. असल्या बिनडोक माणसांना घाबरवायचं म्हणजे बिचाऱ्याचं मरण फुकट गेलं.

दोन्ही पुस्तकं मी तुझ्या काकांना मोठ्यांदा वाचून दाखवली. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांच्या तोंडून शब्द नाही. उजवी बाजू लुळी, नजर खिडकीकडे. हा माणूस आयुष्यभर कोर्टात स्टेनो. दुसऱ्यांचं बोलणं उतरवून घेण्यात जन्म गेला. स्वतःचं मत काय ते घरी, तेही पुस्तकांवर. ते मत ऐकायची मला इतकी सवय आहे, की आता पान संपलं की मी उगाच थांबते.

तिसरं पुस्तक तुझ्या दादाने, म्हणजे आमच्या चिरंजीवाने पाठवलंय. सोळा पानी, रंगीत, एका शुश्रूषागृहाचं. त्यातले सगळे म्हातारे हिरवळीवर बसून हसतायत, एकाच्याही नाकाला नळी नाही. तुझ्या खोक्यातलं भूत यापेक्षा पटण्यासारखं होतं. दादाचं म्हणणं, बाबांना काही कळत नाही, मग ते इथे काय नि तिथे काय. महिन्याच्या शेवटच्या रविवारी न्यायला येतोय. मी फोनवर भांडले. पण तुला खरं सांगते, कधीकधी मलाही वाटतं की त्याचं बरोबर असेल, आणि मग मला फार भीती वाटते.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
मावशी


९ सप्टेंबर

ती. मावशीस,

सा. न. वि. वि. बँकेतला प्रसंग मला आवडला होता. तुझ्यासारख्या दगडाला तो कळायचा नाही. भुताबद्दल मात्र तुझी माफी मागते.

दादाला मी फोन केला. तो म्हणाला, आईकडे कोण बघणार, तिचीही कंबर गेली आहे. हे त्याचं अगदीच खोटं नाही. पण काकांना कळत नाही हे तो इतक्या खात्रीने सांगत होता, जसा काही महिनाभर त्यांच्या उशाशी बसून आलाय.

सोबत दोन कादंबऱ्या पाठवतेय. एक ऐतिहासिक, वजनदार. वाचवत नसली तर दाराला लाव, वाऱ्याने आपटणार नाही. दुसरी खुनाची, निम्मी कोर्टात घडते. काकांसाठी मुद्दाम शोधली. आणि मावशी, निदान ही तरी पहिल्या पानापासून वाच. तुझी ती आधी शेवट वाचायची खोड काकांना किती झोंबायची! तू जेवताजेवता खुनी कोण ते सांगून टाकायचीस म्हणून ते शेवटच्या प्रकरणाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावून ठेवायचे. मी लहानपणी तुमच्याकडे आले, की मला वाटायचं पुस्तकं पण धुतात.

काकांना नमस्कार. मला रागावत राहा, विसरू मात्र नकोस.
तुझीच,
खारूताई


१५ सप्टेंबर

चि. खारूताईस,

अनेक आशीर्वाद. ऐतिहासिक कादंबरी दाराला लावली. त्यातला राजा बायकोशीसुद्धा सभेत बोलल्यासारखा बोलतो, आणि घोड्याच्या खोगिराला चार पानं आहेत. त्या पानांत घोडासुद्धा कंटाळला असेल.

आता जरा बसून वाच. खुनाचं पुस्तक उघडलं आणि सवयीने माझा हात गेला शेवटच्या प्रकरणावर. तू बजावलं होतंस, पण हातांना कुठे कान असतात? सगळे दिवाणखान्यात जमलेत, डिटेक्टिव्ह घसा खाकरतोय, इतकं मोठ्यांदा वाचलं आणि पुस्तकावर फटका बसला. ह्यांचा डावा हात! पुस्तक पलंगाखाली. मी बघितलं तर ते खिडकीकडे नाही, माझ्याकडे बघत होते, आणि रागाने लालबुंद झाले होते. मी तिथेच खाली बसून रडले. इतक्या वर्षांत माझ्यावर कोणी चिडल्याचा इतका आनंद मला झाला नव्हता.

दादाला लगेच कळवलं. तो म्हणाला, आई, त्यात काही अर्थ नसतो, स्नायू आपोआप उडतात. स्नायू इतक्या दिवसांत बरे खोगिराच्या वेळी उडाले नाहीत! पण त्याला पटलं नाही. रविवारचं ठरलंय ते ठरलंय.

मी बाल्कनीतून चिमटा आणला, ह्यांच्या डोळ्यांदेखत शेवटच्या प्रकरणाला लावला आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. शेवट न वाचता, जन्मात पहिल्यांदा. काय ही शिक्षा! खुनी कोण ते माहीत नसताना त्या माणसांचं चहापाणी वाचत बसायचं.

काहीतरी सुचव. तुझ्यावरच भिस्त आहे.
मावशी


१९ सप्टेंबर

ती. मावशीस,

सा. न. तुझं पत्र दुकानात वाचलं आणि गिऱ्हाईकासमोर रडले. त्याने बिचाऱ्याने पुस्तक परत ठेवलं.

दादाला सांगून पटणार नाही. त्याला आपण काहीही सांगितलं तरी बायकांचं मन म्हणून सोडून देतो. तेव्हा असं कर, कोर्टाच्या भागापर्यंत येऊन थांब. रविवारी तुझा घसा बसलाय. पुस्तक दादाच्या हातात दे आणि तू गप्प बस. हे तुला जड जाणार, पण कर. कदाचित काहीच होणार नाही. मग निदान जायच्या आधी मुलाने बापाला चार पानं वाचून दाखवली असं तरी होईल.

माझे इथे प्राण कंठाशी. लगेच लिही.
खारूताई


२८ सप्टेंबर

चि. खारूताईस,

आशीर्वाद, आज नेहमीपेक्षा जास्त.

काल दादा आला तो रिकामी बॅग घेऊनच. बसलासुद्धा नाही, थेट कपाट उघडून बाबांचे सदरे काढायला लागला. मी घशाकडे बोट दाखवून पुस्तक पुढे केलं. त्याने घड्याळ बघितलं, उसासा टाकला आणि पलंगाच्या कडेला टेकून वाचायला लागला, तेही स्टेशनवर गाड्यांची घोषणा करतात तसं. कोर्टाचा प्रसंग अगदी फालतू आहे. वकील मुठी आपटतोय, साक्षीदार बाई हुंदके देत पानंच्या पानं बोलतेय, न्यायाधीश डोळे पुसतोय. मी ओठ घट्ट मिटून बसले होते.

मधेच ह्यांच्या घशातून घरघर आली. दादा पाणी आणायला उठला, तर ह्यांनी डाव्या हाताने त्याची बाही पकडली. ओठ वाकडे झाले, कपाळावर घाम आला, आणि एकेक अक्षर ओढून काढत त्यांनी विचारलं, स्टेनो कुठाय.

दादाला काही उमगेना. मी घसा बसल्याचं विसरून ओरडलेच, की अरे, बाई एवढी मोठी साक्ष देतेय ती उतरवून कोण घेतंय, असं विचारतायत तुझे बाबा.

 तो परत खाली बसला, पानं मागे उलटली आणि तो सगळा प्रसंग पुन्हा पहिल्यापासून, ओळींवर बोट ठेवून, स्टेनो शोधत वाचत गेला. शेवटी बापाकडे बघून म्हणाला, की नाहीये बाबा, कुठेच नाहीये. तुझ्या काकांनी तोंड असं काही वाकडं केलं, की अख्ख्या लेखकजमातीने मान खाली घालावी. मग दोघेही रडले. मीही रडले, पण ते धरू नकोस, माझा घसा बसला होता.

सदरे परत कपाटात ठेवलेत. आता सकाळी एक बाई मदतीला यायची आहे, आणि वाचा परत आणायचे व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरला दादाने स्वतः फोन केला. शेवटचं प्रकरण तो पुढच्या रविवारी येऊन वाचणार. तोवर चिमटा लावलेलं पुस्तक ह्यांच्या उशाखाली आहे, आणि खुनी कोण ते मला कोणीही सांगत नाही.

मावशीवरचा जीव असाच राहू दे.
तुझी,
मावशी

ता. क. दुकानात कोर्टाच्या असल्या भिकार कादंबऱ्या आणखी पडल्या असतील तर सगळ्या पाठव. जितक्या भिकार तितकं बरं.