बाबांचे टोचे

इनारी, ९ मार्च

प्रिय आई,

दोन महिने पत्र नाही, माफ कर. "बर्फावर जाऊ नकोस" या तुझ्या वाक्याला खोटं उत्तर लिहवेना.

मी जाते. दर रविवारी, मैत्रिणींबरोबर. गोठलेल्या तळ्यावर तंबू लावतो, रेनडिअरचं कातडं अंथरतो, शेगडीवर कॉफी ठेवतो आणि बर्फात पाडलेल्या भोकात गळ सोडून गप्पा मारतो. काल शेजारच्या भोकाशी बादलीवर बसलेले उर्होकाका म्हणाले, "मासे धरायला आलात की माहेरपणाला?"

आमच्यातली हिल्का म्हणाली, "काका, त्या बादलीनं तुम्हाला मूळव्याध दिली. आम्हाला नको."

थोड्या वेळानं काकाच कॉफीला आत आले.

बाबा एकटे गेले आणि बुडाले, म्हणून मी तळं सोडणार नाही. हा हट्ट आहे का, असं स्वतःला खूपदा विचारलं. असेल. बर्फाची जाडी आधी मोजते. काल साठ सेंटिमीटर भरली. बर्फ फुटलाच तर कडेला रोवून वर यायचे दोन टोचे गळ्यात असतात. ते बाबांचेच. त्या दिवशी दाराजवळच्या खिळ्यालाच राहिले होते. तुला न विचारता आणले, हे चुकलं. पण परत देणार नाही.

तुझा गुडघा कसा आहे?

तुझीच,
आइला

ता. क. उद्या टोच्यांची झिजलेली दोरी बदलणार आहे.