पालकाची सही

३ जून

ती. स्व. वन्सं यांना,
सा. न. वि. वि.

पास झाले. हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं सगळं पत्र कुरकुरीचं आहे. मोठ्या वयाच्या लोकांसाठी विद्यापीठ जी प्रवेश परीक्षा घेतं ती मी पास झाले. बी.ए.च्या शनिवार-रविवारच्या वर्गात जागाही मिळाली. पण निकाल याच वर्षापुरता चालतो. जूनअखेर प्रवेश पक्का झाला नाही तर सगळं पुन्हा पहिल्यापासून, आणि हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंनी मोठ्या मिनतवारीने शनिवार मोकळे करून दिलेत, ते त्या दुसऱ्यांदा देणार नाहीत.

अर्ज कॉम्प्युटरवर भरायचा. गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याकडे तीन संध्याकाळी बसले. फोटो चालेना, कारण चष्म्यावर उजेड पडतो. चष्मा काढून काढला तर ओळखपत्राशी जुळेना. त्यावर कहर म्हणजे पालकाचं नाव भरल्याशिवाय पुढचं पान उघडतच नाही. एक्कावन्नाव्या वर्षी पालक कुठून आणू? आईवडील गेले, हे गेले. झेरॉक्सवाला म्हणाला, काकू, कुणीही वडीलधारं टाका, मशीनला काय कळतंय. मी तुमचं नाव टाकलं. तेव्हा वन्सं, आता तुम्ही माझ्या अधिकृत पालक. सोबतच्या कागदावर माझ्या वर्तणुकीची हमी घ्या, सही करा आणि तेवढा तुमच्याच शहरातल्या त्या विद्यापीठात नेऊन द्या. फी माझी मी भरणार. तुम्ही पर्स उघडायची नाही.

फोनवर सांगितलं असतं, पण ते तुम्हाला ऐकू येत नाही आणि तुमच्या शेजाऱ्यांना येतं.

इकडे हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींचे ढीग आहेत तसेच आहेत. परवा सात नंबरची खोली रिकामी झाली, तर उशीच्या अभ्र्यात एक कादंबरी निघाली, मधेच पान दुमडलेली. पेशंट बरा होऊन घरी गेलाय, म्हणून निवांत मनाने वाचतेय. माझं सगळं वाचन हे असं, लोकांनी विसरून ठेवलेलं. कुणीतरी एकदा क्रमाने शिकवावं, एवढीच हाव आहे.

लोभ आहेच. पालक झालात म्हणून त्याचा धाक होऊ देऊ नये.

तुमची,
वहिनी


७ जून

चि. वहिनीस,
अ. उ. आ.

शाब्बास! वाण्याला, दूधवाल्याला, खालच्या मजल्यावरच्यांना, सगळ्यांना सांगून झालं. आता पालक या नात्याने पहिली ताकीद. पर्स उघडायची नाही, असं मोठ्यांना लिहू नये.

विद्यापीठात जाऊन आले. केवढं ते आवार! फाटकापासून कचेरी येईपर्यंत माझ्या चपलेचा अंगठा तुटला. चार नंबरच्या खिडकीवर गेले, तर म्हणे नऊ. नऊवर गेले, तर जेवणाची सुट्टी. सुट्टी संपल्यावर आला तो काचेआडून नुसते ओठ हलवत होता. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभा जन्म लोकांचे आवाज कानात घेतले, आता ओठ वाचून भागवावं लागतं, आणि याच्या ओठांवर ही एवढी मिशी. शेवटी मी कागद-पेन पुढे सरकवलं. त्याने लिहिलं, विद्यार्थिनीशी नातं? मी लिहिलं, भावाची बायको. त्याने लिहिलं, विद्यार्थिनीचं वय? मी लिहिलं. तो उठून दारातून बाहेर आला, मला नीट बघून घेतलं आणि पुन्हा आत जाऊन बसला.

हमीचा कागद दिला. शेजारीच फी भरायची खिडकी होती आणि रांग नव्हती. भरून टाकली. पावती माझ्याजवळ आहे. यावर वाद नको. फी पालकच भरतात.

माया उतू जात नसली तरी आटलेलीही नाही, हे जाणून असावं.

तुझी,
वन्सं (पालक)


११ जून

ती. स्व. वन्सं यांना,
सा. न. वि. वि.

काय करून ठेवलंत! तुमचं पत्र काल दुपारी आलं. त्याच्या आदल्या सकाळी मी पतपेढीतून पैसे काढून फी भरली होती. काल संध्याकाळी विद्यापीठाचा निरोप आला. एकाच अर्जावर दोनदा फी जमा झाल्यामुळे प्रवेश स्थगित. फी भरली नाही म्हणून लोकांचं अडतं, वन्सं. जास्त भरली म्हणून अडलेली अख्ख्या विद्यापीठात मी एकटीच असेन.

मदतीच्या नंबरवर फोन केला. एक दाबा, मग चार दाबा, मग तीच एक धून, कान किटेपर्यंत. शेवटी एक बाई आली ती म्हणाली, पालकांना फोन द्या. मी म्हटलं, त्यांना ऐकू येत नाही. ती म्हणाली, मग विद्यार्थिनीला द्या. मी म्हटलं, मीच ती. त्यावर तिने पुन्हा तीच धून लावून दिली आणि साहेबांना विचारून आली.

तोडगा एकच आहे. दोघींपैकी एकीने लिहून द्यायचं की माझी रक्कम चुकून भरली गेली. पंचवीस तारखेच्या आत, नाहीतर अर्ज रद्द. तेव्हा हात जोडते, तेवढ्या दोन ओळी लिहून द्या.

राग मानू नका. मानलात तरी आधी ओळी लिहा, मग माना.

तुमची,
वहिनी


१४ जून

चि. वहिनीस,
अ. उ. आ.

मी चुकून काहीही भरलेलं नाही. शुद्धीवर असताना, मोजून, पावती घेऊन भरलंय. खोटं लिहून देणार नाही. तू लिही.

तुला माहीत असलेलंच पुन्हा सांगते. मी शाळेत पहिली आले, पण घरात पैसे नव्हते म्हणून एक्स्चेंजमध्ये चिकटले. पुढे माझ्याच पगारातून बंड्याची, म्हणजे तुझ्या नवऱ्याची, विद्यापीठाची फी गेली. त्याने तिथे कसंबसं एक वर्ष काढलं आणि तुमच्या हॉस्पिटलच्या बॉयलरवर नोकरी धरली. मी त्याला त्यावरून एका शब्दाने बोलले नाही. तो मात्र त्यानंतर माझ्या नजरेला नजर देईना.

आपल्या घरचे पैसे त्या इमारतीत एकदा वाया गेलेत. या वेळी मला ते वसूल करायचेत. बंड्याच्या जागी तू बसशील, माझ्या पैशाने. एवढं कळत नसेल तर बी.ए. होऊन काय दिवे लावणार?

हट्टीपणा सोडून बाकी सगळा स्वभाव आहे तसाच ठेवावा, हा आशीर्वाद.

तुझी,
वन्सं


१७ जून

ती. स्व. वन्सं यांना,
सा. न. वि. वि.

हट्टी कोण, हे एकदा शेजाऱ्यांना विचारा.

मीही लिहून देणार नाही. जादा पाळ्या करून, दुसऱ्यांच्या चादरी धुऊन जमवलेले पैसे आहेत. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःसाठी काही विकत घेतलंय. त्यालाच चूक म्हणू?

आणि ह्यांच्या जागी मी बसणार नाही. हे घरी आले की मी मोठ्याने वाचायचे, ते ऐकता ऐकता झोपून जायचे आणि सकाळी चहा घेताना विचारायचे, पुढे काय झालं? मी अजूनही मोठ्याने वाचते. सवय मोडत नाही. सकाळी कुणी विचारत नाही, इतकंच. ती त्यांची जागा तशीच राहू दे. मला माझी हवी आहे.

तुमच्याकडे ते का बघत नसत, तेही सांगते. मला म्हणायचे, ती जागा ताईची होती, मी जाऊन नुसती अडवली आणि धड बसलोही नाही. तुम्हाला सांगायची त्यांना हिंमत झाली नाही.

वन्सं, पैसे परत घ्या आणि त्यातून कानाचं मशीन आणा. दिवस थोडे उरलेत.

नेहमीइतकाच लोभ, नेहमीपेक्षा थोडी जास्त काकुळत.

तुमची,
वहिनी


२२ जून

ती. स्व. वन्सं यांना,
सा. न. वि. वि.

तुमच्या उत्तराची वाट पाहिली नाही, कारण ते मला पाठ आहे. काल तुमच्या शहरात येऊन गेले आणि तुमच्याकडे आले नाही. आले असते तर तुम्ही सोबत निघाला असता आणि खिडकीवर आपलीच जुंपली असती. राग गिळा आणि पुढे वाचा.

तुमचा मिशीवाला भेटला. लिहून बोलणाऱ्या बाई म्हणून त्याला तुम्ही पक्क्या आठवता. आपलं भांडण सांगितल्यावर त्याने कपाळाला हात लावला आणि नियमांचं पुस्तक काढलं. त्यात असं निघालं की जादा भरलेली रक्कम त्याच घरातल्या दुसऱ्या विद्यार्थ्याच्या अर्जाला लावता येते. मग कुणाचेच पैसे चुकीचे ठरत नाहीत आणि कुणी काही लिहून द्यायचं नाही. मी विचारलं, विद्यार्थी साठीच्या पुढचा चालेल का? तो म्हणाला, वरची वयोमर्यादा कुठे छापलेली दिसत नाही.

वन्सं, तुमचा अर्ज भरून आले. शाळा पूर्ण झालेल्यांना प्रवेश परीक्षा लागत नाही. तुमची झालेली आहे, तीही पहिल्या नंबराने. पालकाच्या रकान्यात माझं नाव टाकलंय. तुमच्या वर्तणुकीची हमी घेण्याआधी दोनदा विचार केला, पण सही केली.

पंचवीसची मुदत त्याने तीसपर्यंत वाढवून दिली आहे. तेव्हा तीस तारखेच्या आत शाळेचा दाखला घेऊन जा आणि विद्यार्थिनीच्या जागी सही करा. केलीत तर दोन्ही अर्ज सुटतील. नाही केलीत तर दोन्ही रद्द, आणि आपल्या घरचे पैसे त्याच इमारतीत दुसऱ्यांदा वाया. पुढे तुमची मर्जी. पालक म्हणून मी एवढंच सांगू शकते.

शिव्या पोस्टाने पाठवाव्यात. लोभ समक्ष घेईन.

तुमची,
वहिनी (पालक)


२७ जून

चि. वहिनीस,
अ. उ. आ.

माझ्या गावात येतेस, मला न भेटता जातेस, मला न विचारता मला कॉलेजात घालतेस, आणि वर पालक म्हणून मिरवतेस! तुझ्या पत्रानंतर दोन दिवस मी नुसती संतापले होते. संतापातच कपाट उपसलं, संतापातच ट्रंका उघडल्या. दाखला शेवटी आईच्या जुन्या पिशवीत सापडला. तिने तो इस्त्रीच्या घडीसारखा जपून ठेवला होता. मला ती त्याबद्दल कधी बोलली नव्हती.

काल खिडकीवर गेले. मिशीवाल्याने कागदावर लिहिलं, विद्यार्थिनी सोबत आली आहे का? मी त्याच्या हातातलं पेन घेतलं आणि सही केली.

दोन्ही प्रवेश पक्के. पावत्या माझ्याजवळ आहेत.

वर्ग पुढच्या शनिवारी सुरू. शुक्रवारीच ये, मुक्काम माझ्याकडे. बसायचं पहिल्या बाकावर. कानाचं मशीन एवढ्यात जमणार नाही, तेव्हा वर्गात मला जे ऐकू येणार नाही ते तू घरी येऊन मोठ्याने वाचून दाखवायचंस. शेजाऱ्यांचंही बी.ए. होऊन जाईल, होऊ दे. मी झोपायची नाही. झोपलेच, तर सकाळी विचारीन, पुढे काय झालं.

लोभ मागत नाही. तो तू न विचारताच माझ्या नावावर भरून ठेवलास.

तुझी पालक आणि तुझीच पाल्य,
वन्सं