पिन उडायची त्या जागी

बाबा, अकोल्याच्या एका माणसाला मी तुमची रेकॉर्डींची पेटी देऊन टाकली. आख्खी. तुम्ही असता तर घर डोक्यावर घेतलं असतं हे ठाऊक आहे, म्हणून आधी तेच सांगून मोकळी झाले. बदल्यात एकच रेकॉर्ड आणली. मायची. आपल्याकडे होती तीच, पण न घासलेली. शाळेत शिकवून शिकवून माझी भाषा अशी पुस्तकी झाली आहे, तेवढी चालवून घ्या.

माय गेली तेव्हा मी चार वर्षांची. तिचा फोटो नाही, चेहरा आठवत नाही, आवाज तेवढा राहिला, तोही लाखेच्या तबकडीवर. महाराष्ट्र राज्य नवंनवं झालं होतं, त्या सुमारास जयंतीला गाणी म्हणणाऱ्या तिच्या गाणपार्टीला कुण्या लहानशा रेकॉर्ड कंपनीनं मलकापूरहून गाडीनं मुंबईला नेलं, एक रेकॉर्ड काढली आणि पुढं ती कंपनीच बसली. तुमचा धंदा लग्नात ग्रामोफोन आणि भोंगा लावायचा. पेटीतल्या प्रत्येक रेकॉर्डवर तुम्ही लाल रंगानं आकडा काढलेला, फक्त मायच्या रेकॉर्डवर नाही. ती लग्नात लावायची नाही, असा तुमचा नियम. मी हात लावला की ओरडायचात, "कडेनं धर वं पोरी, बोटं नको लावू!" आणि दुसरा नियम ग्रामोफोनच्या पिनांचा, कारण झिजलेली पिन रेकॉर्ड खरवडते. एका बाजूला एक पिन, बाजू संपली की पिन जुन्या डबीत. नव्या पिना चपट्या डबीत, जुन्या गोल डबीत. जुन्या पिनांनी आपल्या घरात पायातले काटे निघायचे.

सुलतानपूरच्या सोयऱ्यांचं लग्न. मी सहा-सात वर्षांची असेन. पेटी मांडीवर घेऊन तुम्ही एसटीत बसला आहात आणि मी खिडकीशी, हे अजून दिसतं. दुपारी मांडवामागे माझ्या पायात बाभळीचा काटा मोडला. गोल डबीतली पिन घेतली, उकरून उकरून काटा काढला, पिनेचं टोक वाकलं. तेवढ्यात कुणीतरी बुंदी वाटायला लागलं. मी धावत आले, हाती लागली त्या डबीत पिन टाकली आणि बुंदीकडे पळाले. ती डबी चपटी होती.

संध्याकाळी नवरदेवाकडची म्हातारी माणसं तुमच्या मागे लागली. "आज तरी वहिनीचं गाणं लावा ना भाऊ." तुम्ही नाही म्हणत होतात, मग लावलंत. आपल्या डबीवर तुमचा एवढा भरवसा की पिन पाहिलीसुद्धा नाही. माय गायला लागली, म्हातारी माणसं भोंग्याजवळ सरकली आणि भोंग्यातून खर्रकन आवाज आला. तुम्ही हात घातलात तोवर व्हायचं ते झालं होतं. त्यानंतर त्या एका जागी पिन कायम उडायची, एक ओळ सोडून पुढं पडायची. त्याआधी ती ओळ मायच्या आवाजात मी ऐकली असेल, पण आठवत नाही.

कोणाला बोलला नाहीत. परतीच्या एसटीत फक्त म्हणालात, "मले दिसत नाही आता नीट. जुनी पिन नव्या डबीत म्याच टाकली असन." मलकापुरात जाऊन चष्मा केलात. तुमचे डोळे धड होते बाबा! पुढं आयुष्यभर प्रत्येक पिन नखावर घासून पाहायचात, चष्म्यातून, आणि मी समोर बसून तोंड शिवून पाहायची. पिन मी टाकली होती. लाज वाटली, मग भीती वाटली, मग फार उशीर झाला. तुम्ही गेलात त्या दिवशी मी ठरवलं, दुसरी प्रत मिळवीन आणि ती ओळ ऐकीन. मेले तरी बेहत्तर.

जुन्या बाजारांत हिंडले. शेगावला दर्शनाला जायची आणि भंगारवाल्यांच्या ढिगांत बसायची. शेवटी जुन्या रेकॉर्डी जमवणाऱ्या अकोल्याच्या या माणसाचा पत्ता लागला, त्याच्याकडे मायची एक प्रत होती. त्यानं आपल्या पेटीतली एकेक रेकॉर्ड दिव्याखाली तिरकी धरून पाहिली. "काकू, जुनी हाय म्हणून किंमत नसते. जुन्या त घरोघरी पडल्या हायेत. कमी निघालेली पाहिजे, चकाकी पाहिजे, मूळचं कव्हर पाहिजे, अन् तिच्यासाठी झुरणारं कोणीतरी पाहिजे. हे लाल आकडे कोण्या गाढवानं काढले?" मी म्हटलं, "माह्या बापानं." बिचारा ओशाळला. मायची रेकॉर्ड मात्र द्यायला तयार नव्हता, तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला मी पेटीच त्याच्यापुढं सरकवली आणि म्हटलं, झुरणारं माणूस समोर बसलंय, आता बोल. तुमच्या आकड्यांखालीही चार-दोन दुर्मिळ निघाल्या म्हणे.

तुम्हाला आठवतं? रात्री जेवणं झाली की तुम्ही घासलेली रेकॉर्ड लावायचात. पिन उडायची आणि सुटलेली ओळ तुम्ही म्हणायचात, भसाड्या आवाजात, माझ्याकडे बघून. "पाटी घे वं बाई, शाळेची वेळ झाली." मला वाटायचं, ही मायच म्हणते आहे, मला, फक्त तुमच्या तोंडून. त्या एका ओळीवर मी शिकले. वर्गात एकटी मुलगी असताना शिकले.

काल नवी प्रत लावली. नवी पिन, नखावर घासून. ती जागा आली. माय किती स्वच्छ गाते बाबा! "पाटी घे रं राजा, शाळेची वेळ झाली." राजा. मुलासाठीचं गाणं होतं ते. 'राजा'चं 'बाई' तुम्ही केलंत. इतकी वर्षं, दर वेळी, न चुकता. एवढं माझ्याकडे बघून म्हणायचात, मग पिनेचंही तुम्हाला कळलं होतं का? विचारायला हवं होतं, नाही विचारलं.

आता एकच सांगायचं राह्यलं. पेटी दिली, पण आपली घासलेली रेकॉर्ड मी त्या माणसाले दाखवलीच नाही, लुगड्यात गुंडाळून ठेवली होती. आज सकाळी तीच लावली. पिन उडाली, अन् ती ओळ म्या म्हटली, तुमच्यावाली. सूर मलेही लागत नाही.