शुक्रवारऐवजी सोमवार

प्रिय सिद्धांत,

काल फोन मीच मध्येच ठेवला. ठेवला नसता तर तोंडातून नको ते निघालं असतं. "आक्का, प्रोग्राम चुकलेला नाही," हे तू तीनदा म्हणालास. गौरम्मा कशी आहे, हे एकदाही विचारलं नाहीस.

ती जिवंत आहे. चार दिवस व्हेंटिलेटरवर होती. आता उशीला टेकून बसते, दोन घास खाते. अक्कलकोटहून दर मंगळवारी आणि शुक्रवारी एसटीनं आमच्या डायलिसिस केंद्रात येणारी बाई. अंगातलं पाणी आमचं मशीन काढेल तेवढंच निघतं तिचं. सहा वर्षं तिच्या तारखा मी वहीत हातानं लिहीत होते. सुट्टी आली की तारीख अलीकडे ओढायची, पुढे ढकलायची नाही, हे कुणी न शिकवता कळत होतं मला.

मग मे महिन्यात तू घरी आलास आणि चार दिवसांत तारखांचा प्रोग्राम करून दिलास. आई गल्लीभर सांगत फिरली. किती हौसेनं दाखवलं होतंस: पहिली तारीख टाकायची, मग तीन दिवस, चार दिवस, पुन्हा तीन, असं मोजत वर्षभराच्या तारखा निघतात, मध्ये सुट्टी आली तर पुढचा कामाचा दिवस. पण कामाचे दिवस कुणाचे रे? तुझ्या पुण्याच्या कंपनीचे, सोमवार ते शुक्रवार! आमचं केंद्र शनिवारी चालू असतं. पंधरा ऑगस्ट शुक्रवारी आला आणि तुझ्या प्रोग्रामनं तिला थेट सोमवार दिला. शनिवारी तिची खाट रिकामी होती. रविवारी संध्याकाळी तिच्या छातीत पाणी भरलं, मुलानं जीपमध्ये आडवी घालून आणली.

ती शुद्धीवर आल्यावर मी तिला विचारलं, एवढी धाप लागली होती तर आधी का नाही आलात? म्हणाली, "चिठ्ठीत सोमवार होता की बाई. तुमीच दिली की चिठ्ठी."

शनिवारचं तुला कुणी सांगितलं नाही म्हणतोस. अरे, साधा शिंपीसुद्धा आधी माप घेतो. ऑफिसची मीटिंग सोमवारवर गेली तर काही बिघडत नाही. ही बाई मरत होती.

आणि आता ऐक. ती चिठ्ठी मीच छापली. बारा तारखेनंतर एकदम अठरा बघून हात थांबला होता माझा. पण म्हटलं, सिद्धांतनं केलंय, बरोबरच असणार. आज चौकशी झाली. 'यंत्रणेतील त्रुटी' असं लिहून सही करा, विषय मिटेल, असं मोठ्या डॉक्टरांनी सुचवलं. मी तसं लिहिलं नाही. आधी माझं नाव लिहिलं, मग तुझं. तुला बोलावणं येईल. परक्याच्या कागदावरून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे लिहितेय. ये, आणि जे फोनवर तीनदा म्हणालास, ते गौरम्मासमोर उभं राहून एकदा म्हणून बघ.

तुझीच,
आक्का