जीपचे सुस्कारे

पेण, ४ सप्टेंबर १९९६

मेव्हणे आणि वर्गबंधू हैबतराव यांस, पहिल्या नात्याने वाकून नमस्कार, दुसऱ्या नात्याने पाठीत एक गुद्दा. ओळींत तुम्हाला ‘तुम्ही’ म्हणेन, कंसात ‘तू’. आमच्या बहिणीचे, गिरजाचे गुडघे कसे आहेत? रोह्याची हवा यंदा मानवते ना? (तुझ्या पोटाची चौकशी करत नाही, ते लांबूनही दिसते.)

चि. प्रविणचे पत्र पोचले. धाटावच्या त्याच्या कंपनीतला टेम्पो मिळतोय, तेव्हा यंदा गणपती मामाच्या जीपमधून नको, मामांनी आता आराम करावा, असे भाच्याने फार अदबीने लिहिले आहे. एकवीस वर्षे तुमच्या घरचा गणपती जोहे गावच्या मूर्तींच्या कारखान्यातून रोह्याला मी पोचवला, आणि दर वळणाला शाळेतली एक कविता म्हटली. (दुसरे कडवे नेहमी तू चुकायचास.) पण मुलाचे तरी काय चुकले? गाडी खरेच बिघडली होती.

वर्षभर असे चालले होते, की पाचसहा मैल गेले की ती आचके देऊन थांबायची. टाकीचे झाकण उघडावे, तर आतून लांबलचक सुस्कारा! मला वाटे, हिलाही आपल्यासारखे जुने दिवस आठवत असावेत. चिंचेखालची शाळा, ओल्या पाटीचा वास, गुरुजींची चाल. मग मी शेजारी उभा राहून चौथीतली नदीची कविता हळू आवाजात म्हणायचो, आणि गाडी सुरू व्हायची. (हसू नकोस. गाडी कवितेने चालते, असे मी इंदूलाही पटवून दिले होते.)

परवा पंपावर मात्र तिने अब्रू घालवली. पेट्रोल जरा जोरात सोडले की टाकी चूळ भरल्यासारखी बाहेर थुंकायची. पंपावरच्या नाथाची विजार भिजली. मी म्हटले, बाबा, भुजंगप्रयातात भर; लघूला सोड, दोन गुरू थांब. आणि काय सांगू, थेंब सांडला नाही! लगागा लगागा करत आम्ही चौथ्या लिटरला पोचलो, तेव्हा मागे पाच रिक्षा तटल्या होत्या. त्यातल्या एकाने मान बाहेर काढली, “ओ आजोबा, टाकी हाय का तान्हं बाळ हाय? चमच्यानं पाजताय ते!”

शेवटी कमळाकर मिस्त्रीकडे नेली. तो आडवा होऊन आत शिरला आणि हसतच बाहेर आला. “काका, टाकीला पण नाक असतंय. कुणीतरी बुजवलंय.” टाकीला म्हणे हवेची एक बारीक नळी असते, पेट्रोल आत आले की हवा तिच्यातून बाहेर पडते, पेट्रोल संपत गेले की आत येते. मागच्या बाकापाशी तिचे तोंड आहे. कमळाकरने तार घालून टोकरले, तर निघाला वाळलेल्या शाडूचा बोळा!

वाटेत मूर्तीचे बोट दुखावले तर सांधायला म्हणून कारागीर ओल्या शाडूचा एक गोळा बरोबर देतो, हे तुम्ही जाणताच. गेल्या वर्षी तो गोळा मागच्या बाकावर, तुमच्या मांडीवर होता. बोळ्यावर डाव्या अंगठ्याचा ठसा आहे, मधोमध आडवा वण. (तिसरीत पेन्सिल तासताना कापलेला अंगठा. चिंधी मीच बांधली होती.)

काल टाकी एका दमात काठोकाठ भरली, अगदी गद्यासारखी. सुस्कारा गेला. थोडे चुकल्यासारखे वाटते. वर्षभर मी मातीच्या बोळ्याला कविता ऐकवत होतो, दुसरे काय!

गिरजाला आशीर्वाद. (गुद्दा प्रत्यक्ष भेटीत.)

आपला,
पुंडलिक

ता. क. – टेम्पो नको, हे प्रविणला तुम्हीच सांगा. मी सांगितले तर म्हाताऱ्याचा हट्ट दिसेल. रविवारी पंधरा तारखेला सकाळच्या गाडीने पेणला या. मूर्ती धरायला मागे माणूस लागतोच. पुढल्या वर्षी डोळे साथ देतील की नाही, सांगवत नाही. यंदाची फेरी तेवढी माझी राहू द्या.

ता. क. दुसरा – पत्र इंदूने वाचले. ती म्हणते, “अहो, ‘मागून येणाऱ्या या पेट्रोलच्या वासानं माझी ओळ अडते, काहीतरी करा हो हैबतराव’ असं गेल्या वर्षी गाडीत ओरडत कोण होतं?” मला तसे काही आठवत नाही, पण ती पुढेच बसली होती. तेव्हा प्रविणला पत्र दाखवाल तर हा शेवटचा कागद कुठेतरी विसरा. (शाडूचा गोळा यंदा माझ्या खिशात राहील.)