उभं राहायचं काम

४ मार्च
ऑफ-सीझन सुरू. यंदा रोज डायरी लिहायची. मोठे खेळाडू लिहितात. ही कुणी वाचणार नाही, त्यामुळे इथे सगळं खरं.

सीझनबद्दल थोडक्यात. बास्केटबॉल लीगमध्ये आमची टीम खालून दुसरी. मी बेंचवर. पण बेंचवर बसणं वेगळं आणि बेंचवरून टीम सांभाळणं वेगळं. टाइमआउटला बाटल्या मीच वाटायचो, त्यामुळे प्रत्येक खेळाडूशी माझा संवाद होता. शेवटच्या मीटिंगमध्ये मॅनेजर अश्विन सर म्हणाले की कोर्टावरचं राहू दे प्रफुल, पण तुझी पब्लिक पर्सनॅलिटी चांगली आहे, तिच्यावर काम कर. नवीन कॉन्ट्रॅक्टचं एप्रिलमध्ये कळवतो म्हणाले. कॅप्टन करायचा विचार दिसतोय. असलं कुणी तोंडावर सांगत नाही.

संकल्प: रोज पहाटे रनिंग. भरपूर प्रवास. ब्लॉग नियमित, रील त्याहून नियमित. ब्लॉगचं नाव 'उंच माणसाची भटकंती'. गोवा, हंपी, जमलं तर दुबई.

६ मार्च
सुरुवात घरापासून केली. गोंडपिपरीहून फाट्यावर उतरून आमच्या गावापर्यंत चालत आलो, म्हणजे प्रवास झालाच. घरी दादा, वहिनी आणि त्यांची चार वर्षांची दामिनी. दादा, म्हणजे दिनेश, राइस मिलमध्ये पहाटेच्या पाळीला जातो. आई गेली तेव्हा मी सातवीत होतो. त्यानंतर कुंतावहिनीनेच मला वाढवलं. सहा फूट पाच इंचाचं श्रेय बरंचसं तिच्या भाताला जातं, हे मी मुलाखतीत सांगणार आहे.

खाटेबाहेर पाय जातात म्हणून तिने पायथ्याशी धानाचं पोतं लावून ठेवलं होतं. मी यायच्या आधीच.

रनिंग रद्द. पलीकडच्या गावात गेल्या महिन्यात सरपणाला गेलेल्या बाईला वाघाने नेलं. दादा म्हणाला, पहाटेचा बाहेर पाय नाई ठेवाचा. मी घाबरलो नाही, पण मोठ्यांचा शब्द मोडत नाही.

९ मार्च
मार्कंडा. ब्लॉगचं शीर्षक: 'दगडात कोरलेला डिफेन्स'. देवळाच्या चौकटीला डोकं आपटलं, ते ब्लॉगमध्ये घेतलं नाही. लोकांनी ओळखलं. निदान पाच जणांनी सेल्फी काढला. पैकी एकाने विचारलं, व्हॉलीबॉलवाले का? एकाने विचारलं, पोलीस भरतीत काऊन नाई गेले? एका बाईने नातवाला माझ्या खांद्यावर बसवून वैनगंगा दाखवली. फॅन्सचं प्रेम असंच असतं.

१३ मार्च
वडशाला गेलो. झाडीपट्टीच्या नाटकात स्पेशल गेस्ट म्हणून एंट्री घ्यायची कल्पना. हिरो संकटात, मागून मी. निर्मात्याच्या ऑफिसला कुलूप. शेजारचा पानवाला म्हणाला, सीझन तर सरला ना भाऊ. मग म्हणाला, आता आलेच हा तर तेवढा बोर्ड काढून द्या, स्टूल नाई आमच्यापाशी. काढून दिला. येताना विचार केला, की वडशाच्या मेन रोडवर लोकांनी मला मान वर करून पाहिलं.

ब्लॉगला व्ह्यूज कमी. नेटवर्कचा प्रॉब्लेम असणार.

१७ मार्च
मोठी बातमी. मला रोल मिळाला.

मोहाची फुलं पडायला लागलीत. पहाटे पडतात, ऊन चढायच्या आत वेचावी लागतात. तीनेक आठवड्यांचा खेळ, नंतर वर्षभर काही नाही, त्यामुळे गावातली एकही बाई घरी बसत नाही. पण नाल्याकाठी वाघाचे ताजे पंजे दिसले. फॉरेस्टचा गार्ड येऊन सांगून गेला, एकटं जाऊ नका, आवाज करत राहा. समाजमंदिरासमोर गाव जमलं. शेजारचे डोमाभाऊ, वय सत्तरीचं, उंची माझ्या कोपराएवढी, ते म्हणाले, वाघ वाकलेल्याले धरते, उभ्याले नाई धरत. बाया तर वाकूनच वेचतात. म्हणून प्रत्येक टोळीमागे एक माणूस उभा पाहिजे. त्याने वेचायचं नाही. उभं राहायचं आणि ओरडायचं.

दादाची पाळी असते. वहिनी घरी आल्यावर म्हणाली, भाऊजी, तुमी येता का? तुमाले काईच नाई करा लागत जी. नुसतं उभं राहाचं आन आवाज देत राहाचा.

होकार दिला. वहिनीने अर्ध्या गल्लीला सांगितलं, आमचे भाऊजी हायेत सोबत. लगेच मीराबाई आणि रीता आमच्या टोळीत आल्या. याला म्हणतात पब्लिक पर्सनॅलिटी. नवीन सिरीज: 'टॉवर इन द जंगल'. अश्विन सर पाहतील.

२१ मार्च
पहिला दिवस. अंधार फिटता फिटता आमच्या झाडांखाली. मी 'डिफेन्स! डिफेन्स!' असं ओरडत राहिलो. बाया हसून बेजार. वहिनी म्हणाली, असा भोंगा आयकून वाघ तेलंगणात जाइन. छान वाटलं. सीझनभर इतकं कुणी माझ्या आवाजावर हसलं नव्हतं.

व्हिडिओ मात्र वाया. बाया वेचताना सारख्या एकमेकींना हाका मारतात. ओ मीराबाई, ओ रीता, ओ कुंता. हाकेला ओ आली म्हणजे बाई जागेवर आहे, असा तो हिशेब. माझा एक शॉट धड नाही. शिवाय वहिनी दर वेळी टोपली घेऊन फ्रेममध्ये येते. मी हाताने खुणावलं की निमूट बाजूला होते. आजचे सगळे व्हिडिओ डिलीट केले, मोबाइल भरत होता.

घसा बसला. गुळण्या.

२४ मार्च
उपाय सापडला. कॉलर माइक आला. मी बायांना समजावलं की फक्त दहा मिनिटं हाका बंद ठेवा, मला जंगलाचा नैसर्गिक आवाज पाहिजे. मीराबाई भडकली. जंगलात मुकाट्यानं वेचा म्हंता? वहिनीने तिला समजावलं, अवो शिकलेले हायेत ते, त्यायले समजते. मग तिघी गप्प बसल्या. वहिनी तर पाय उचलून ठेवत होती, पाचोळा वाजू नये म्हणून.

रील चाललं! आजवरचं सगळ्यात जास्त. अश्विन सरांनी अंगठा पाठवला. फायनल समजायला हरकत नाही.

२६ मार्च
दहा मिनिटांत काम होत नाही, हे बायांना सांगितलं. ऐकतात आता. मीराबाई पुटपुटते, पण ऐकते. मी अधूनमधून ओरडतोच. शॉट संपला की.

२७ मार्च
दोन-दोन तास उभं राहणं गुडघ्यांना वाईट. हे गुडघे माझे एकट्याचे नाहीत, टीमचेही आहेत. घरून प्लास्टिकची खुर्ची नेली. अँगलही चांगला मिळतो.

वाटेत डोमाभाऊंनी खुर्ची पाहिली. म्हणाले, काऊन रे बाबू, खुर्ची कायले? बसलेला माणूस आन वाकलेला माणूस वाघाले एकच दिसते. मी वाद घातला नाही. खुर्चीत बसलेला मी उभ्या डोमाभाऊंएवढा भरतो, हे त्यांना कसं सांगणार. जुनी माणसं, बोलायची सवय असते.

२८ मार्च
वहिनीचं आज काहीतरी बिनसलं होतं. येताना म्हणाली, भाऊजी, उद्या जरा आवाज द्या. मले ठीक नाई वाटून राह्यलं. सकाळपासून पाखरं बी नाई बोलले तिकडं. मी म्हणालो, वहिनी, तेच तर पाहिजे, अशी शांतता पैसे देऊन मिळत नाही. उद्या एक मोठा शॉट आहे, एकसलग, न तोडता. तो झाला की पाडव्यापासून रोज पूर्ण वेळ उभा राहून ओरडणार. शब्द दिला. ती हसली, म्हणाली, बरं.

संध्याकाळी तिने गरम पाण्याने गुडघे शेकून दिले.

२९ मार्च
आज लिहिता येत नाही. घरात खूप माणसं आहेत.

१ एप्रिल
लोक काहीही बोलतात म्हणून नीट लिहून ठेवतो.

२९ तारखेला सकाळी वहिनी गेली. मी माझ्या जागेवरच होतो. खुर्ची झाडापासून लांब नव्हती. इअरफोन एकाच कानात होता, कारण शॉटच्या सोबत बोलायचं होतं. मीराबाई सगळ्यांना सांगते की तिने स्वतः मला दोनदा आवाज दिला. मला एकदाही ऐकू आला नाही. ती किंचाळली तेव्हा मात्र ऐकलं आणि मी ताबडतोब उठलो. मी उभा राहिलो आणि वाघाने माझ्याकडे पाहिलं आणि वहिनीला तिथेच टाकून तो झुडपात गेला. माझी उंची पाहून गेला. हे रीतानेही पाहिलंय. वाघाला मी पळवलं, असं एकाही माणसाने अजून म्हटलेलं नाही.

तिला मीच उचलून आणलं. रस्त्यापर्यंत. टोपलीएवढी हलकी होती. दवाखान्यापर्यंत पोचली नाही.

दादाने विचारलं, तू कुठी होता? मी म्हणालो, तिथेच. पाडवा झाला नाही.

४ एप्रिल
पेपरवाले आले. मी सविस्तर बोललो. लीगमध्ये खेळतो, हेही सांगितलं. छापून आलं: 'सोबत असलेल्या नातेवाइकाने आरडाओरड केल्याने वाघ पळाला.' नाव नाही. आरडाओरड मीराबाईने केली होती, पण ते असो.

श्रद्धांजलीची पोस्ट लिहायला घेतली. तिच्यासोबतचा माझा एकही फोटो सापडत नाही, म्हणून थांबवली.

६ एप्रिल
बाया परत मोहाला गेल्या. जावंच लागतं. आमच्या झाडांखाली आता डोमाभाऊ उभे राहतात. इथपर्यंत आवाज येतो त्यांचा. म्हाताऱ्याचा आवाज, पण एकसारखा चालू.

मी निरोप पाठवला की मी येतो, उभा राहतो, खुर्ची नको. मीराबाईचा उलट निरोप आला, राहू द्या म्हणा.

पोत्याला टेकून पाय दुखतात. दामिनी माझ्याकडे येत नाही. बाप घरी नसला की डोमाभाऊंच्या सुनेकडे झोपते.

८ एप्रिल
अश्विन सरांचा मेसेज. घरची बातमी कळली, वाईट वाटलं. यंदा टीममध्ये जागा नाही. आणि ते रील शक्य तर काढून टाक, टीमचं नाव दिसतं त्यात.

यंदा नाही, असं लिहिलंय. पुढच्या वर्षी नाही, असं कुठे लिहिलं नाही. रील काढलं.

१० एप्रिल, संध्याकाळ
तेरवी झाली. पाहुणे गेले. दादा पहिल्यांदा माझ्याजवळ येऊन बसला. मग म्हणाला, प्रफुल, तुह्या मोबाइलमंदी तिचा आवाज असन ना? पोरगी विचारते, माय कशी बोलायची. फोटो हाये लग्नाचा, पन आवाज कुठीच नाई. एवढे दिवस तू काढतच होता ना रे.

मी म्हणालो, आहे ना. भरपूर आहे.

दुपारपासून शोधतोय. पहिल्या दिवशीचं डिलीट केलं होतं. नंतरच्या सगळ्या फाइल्स मी पाहिल्या. जंगल आहे, फुलं आहेत, मी आहे. एका व्हिडिओत कडेला तिची पाठ आहे, वाकलेली, मग माझा हात हलतो आणि ती बाजूला होते. ओठसुद्धा दिसत नाहीत. कोणत्याच फाइलमध्ये ती एक शब्द बोलत नाही.

शेवटची फाइल उघडत नव्हतो. उघडली. माझाच आवाज आहे. ऐका मित्रांनो, किती शांतता आहे. मग पुष्कळ वेळ खरंच शांतता आहे. मग मीराबाईच्या दोन हाका, मग तिची किंकाळी, आणि खुर्ची पडल्याचा आवाज, आणि मी. वहिनीचा आवाज तिथेही नाही. मी गप्प राहा म्हणालो होतो.

दादा दामिनीला मांडीवर घेऊन ओट्यावर बसलाय. दोनदा विचारलं, सापडला का. दोन्ही वेळा म्हणालो, शोधतोय. फाइल्स संपल्यात.